उ: थंडीत इंजिन किती वेळ तापवायचं?
वर एकांनी सांगितलंय, तापमानाचा काटा मध्यावर येईस्तोवर गाडी जाग्यावर चालू ठेवायची. दादा, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोक ओढायचे, त्या काळात ते ठीक होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या (इंधन मोजून फवारणाऱ्या) गाडीला कोल्हापूरच्या थंडीत अर्धा-एक मिनिट बास! जाग्यावर इंजिनावर लोडच नसतो, तापायला उलट जास्त वेळ लागतो. डिझेल इंजिन तर जाग्यावर आणखीच हळू तापतं. हळू चालवत निघा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) लवकर ९० अंशांच्या आसपास जातं. ऑइल मात्र मागं राहतं, म्हणून काटा वर आला तरी लगेच रेस नको. पन्हाळ्याला जाणाऱ्याचं चढ लागेपर्यंत सगळं गरम झालेलं असतं. पंचाईत होते ती रोज घर ते महाद्वार रोड एवढंच फिरणाऱ्यांची. इंजिन तापायच्या आत बंद, न जळालेलं पेट्रोल थोडं थोडं ऑइलात उतरतं. त्यांनी किलोमीटर भरायची वाट न बघता ऑइल बदलावं.