चर्चा: मुक्त प्रणालीच्या टॅबवर ॲप मिळते, पण चालते का?

धागाकर्ता:
कंपनीने अपडेट देणे थांबवलेल्या माझ्या दहा इंची टॅबवर मी दिवाळीत लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त, म्हणजे खुल्या कोडची, प्रणाली चढवली. सायनोजेनमॉड ही तशीच आधीची प्रणाली बंद पडल्यावर, डिसेंबर २०१६मध्ये, तिच्याच कोडवर ही प्रणाली उभी राहिली. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून व्हिडिओसाठी व्हीएलसी, पुस्तकांसाठी केओरीडर आणि मराठी टंकनासाठी इंडिक कीबोर्ड मिळाले. प्ले स्टोअरवरची मोफत ॲप ऑरोरा स्टोअर या पर्यायी ॲपमधून स्वतःचे गूगल खाते न वापरता उतरवता आली. मुक्त प्रणालीवर ॲपच नसतात, ही तक्रार आता शिळी झाली आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. उतरवलेले ॲप चालेलच असे नाही. माझ्या अशाच टॅबवर बँकेचे ॲप बोधचिन्ह दाखवते आणि ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ एवढे बोलून मिटते, कारण ते गूगलच्या प्ले इंटिग्रिटी चाचणीवर विसंबून आहे; उपकरण आणि त्यावरची प्रणाली गूगलने मान्य केलेली आहे का, हे ती चाचणी पाहते. प्रणाली बदलण्यासाठी बूटलोडरचे, म्हणजे टॅब सुरू होताना प्रणाली चालू करणाऱ्या प्रोग्रामचे, कुलूप उघडल्यामुळे वाइडवाइन या चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या यंत्रणेची पातळी सर्वात वरच्या एल१वरून सर्वात खालच्या एल३वर घसरली, त्यामुळे पैसे भरून घेतलेली चित्रपटसेवा ४८०पी या कमी स्पष्टतेच्या वर जात नाही. दहा इंची पडद्यावर ते चित्र कसे दिसते, हे आपणच पाहावे.

प्रतिसाद २:
अँड्रॉइडच्याच कुळातल्या प्रणालीवर निदान ॲप उतरते तरी! कॅनॉनिकल कंपनीने २०१७मध्ये सोडून दिलेली आणि नंतर यूबीपोर्ट्स या स्वयंसेवी समुदायाने सांभाळलेली, लिनक्सवरची उबुंटू टच घ्या. तिथे स्वतःची ॲप मोजकी, त्यामुळे अँड्रॉइडची ॲप वेड्रॉइडच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रणालीच्या आत वेगळ्या ठेवलेल्या अँड्रॉइडमध्ये, चालवावी लागतात. टॅब इंटेल प्रोसेसरचा असेल आणि ॲपमध्ये फक्त एआरएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीचा कोड असेल, तर मध्ये आणखी एक भाषांतराचा थर बसवावा लागतो.

धागाकर्ता:
बँकेचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे खापर प्रणालीवर फुटू नये. वर्षानुवर्षे सुरक्षा-अपडेट न मिळालेला, मूळ प्रणालीचाच टॅब त्या चाचणीची नेहमीची पातळी पार करू शकतो. उलट गूगलच्याच पिक्सेल टॅबलेटवरची ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी मुक्त प्रणाली बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करते, तिची खातरजमा अँड्रॉइडच्याच हार्डवेअर प्रमाणीकरणातून, म्हणजे टॅबमधल्या चिपने दिलेल्या ग्वाहीवरून, करता येते, ती कशी करावी हे तिचे विकसक जाहीरपणे लिहून देतात, आणि तरीही गूगलचा शिक्का नाही एवढ्यावरून ती परकी ठरते. इथे सुरक्षेपेक्षा शिक्क्याला महत्त्व आले आहे. मी बँकेचे काम ब्राउझरमधून करतो.

प्रतिसाद १:
शिक्क्याबद्दल सहमत, बँकांनी हार्डवेअर प्रमाणीकरण स्वीकारावे, असे मीही म्हणेन. पण ब्राउझरचा उपाय आपल्यासारख्यांना ठीक आहे. माझ्या आईला ॲपमधले नेमके कुठले बटण दाबायचे ते पाठ आहे आणि ते बटण नाहीसे झाले की ती टॅब कपाटात ठेवून देईल. माझ्या टॅबवर लिनिएज राहील, तिच्या टॅबला मी हात लावणार नाही.