मदत हवी आहे: नऊ वर्षांनी पुन्हा कॉलेजात, मागचा पाया कसा भरू?

नमस्कार मंडळी,

विसाव्या वर्षी दोन सेमिस्टर कशीबशी रेटून कॉलेज सोडलं होतं. आता एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा बसलेय. तेव्हाच्या ४० क्रेडिट्सची सरासरी १० पैकी ४.५ आहे. पुढच्या ४० क्रेडिट्सना ८.५ मिळवले तरी एकूण ६.५च होतात. हे गणित मांडलं त्या रात्री झोप लागली नाही.

अभ्यासाची पद्धत मात्र बदललीय. पूर्वी धडा चारचारदा वाचायचे, सगळं ओळखीचं वाटायचं आणि पेपरात काहीच आठवायचं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात, आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. म्हणून आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने लिहिते, सुटलेलं लाल पेनाने भरते. काल संभाव्यतेच्या कागदावर पहिल्यांदाच लाल कमी दिसलं. तो कागद जपून ठेवलाय.

अडतं ते कलनात (कॅल्क्युलसमध्ये). सर अवकलज (डेरिव्हेटिव्ह) काढत पुढे जातात आणि मी मधल्या बीजगणिताच्या पायरीवरच अडकते. वर्गातली मुलं दहा वर्षांनी लहान, हात वर करताना घसा कोरडा पडतो.

नोकरी सांभाळून रोज दोनच तास मिळतात. त्यातला किती वेळ जुन्या पायाला द्यावा? की चालू धड्यात जे अडेल तेवढंच मागे जाऊन शिकावं? कुणी यातून गेलं असेल तर तुमचं वेळापत्रक कसं होतं, तेही सांगा ना. अंतर्गत परीक्षेला सहा आठवडे आहेत.