कावासाकीची जुनी घरं: आईला घेऊन जाऊ का?

चिपळूणकर
पुढच्या आठवड्यात आई येतेय. वय ६८, गुडघे दुखतात. शिराकावागो, म्हणजे गवती छपरांच्या जुन्या घरांचं डोंगरातलं गाव, तिथला प्रवास तिला झेपणार नाही. टोकियोजवळ कावासाकीत निहोन मिंकाएन हे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय आहे, तिथे तशीच घरं आहेत म्हणतात. खरी आहेत की नुसता देखावा?

ओसाकावाला
खरी आहेत. मूळ गावांतून सुटी करून आणली आणि तिथे पुन्हा उभारली. सोमवारी बंद असतं.

निशिकासाईची सून
नक्की न्या. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन गेले होते. शिंजुकूहून ओदाक्यू लाइनने मुकोगाओका-युएन, पुढे पंधरा मिनिटं चालणं. आत चढ आणि पायऱ्या आहेत, म्हणून पंचवीसच्या पंचवीस घरं बघायच्या मागे लागू नका.

कितामुरा घर मात्र चुकवू नका. सुताराने लाकडावर शाईने साल लिहून ठेवलंय, म्हणून ते १६८७ चं हे पक्कं ठाऊक आहे. बसायच्या खोलीची जमीन बांबूच्या कामट्यांची. सासूबाई वाकून बोटांनी चाचपत राहिल्या, "आपल्या माळ्यावर अश्शाच होत्या."

एका घरात स्वयंसेवक आजोबांनी इरोरी, म्हणजे जमिनीतली चूल, पेटवली होती. त्या धुराने छपराचं गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही. सासूबाईंना हे सांगावं लागलं नाही, काळेभोर वासे बघूनच त्या ओळखून होत्या. "लाकूड ओलंय हो," त्या सरळ मराठीत म्हणाल्या. आजोबांनी हसून सुकी ढलपी आणली. पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही. माझ्यासाठी सगळी सहल त्या पाऊण तासात होती.

बूट काढावे लागतात आणि जमीन बर्फासारखी गार, तेव्हा जाड मोजे न्या. शिराकावागोहून आणलेल्या एका घरात आम्ही सोबा (कुट्टूच्या शेवया) खाल्ले. रश्श्यात मासळी असते, आई शाकाहारी असतील तर डबा बरोबर ठेवा.

चिपळूणकर
काल जाऊन आलो. मोजे आणि डबा, दोन्हींसाठी मनापासून आभार. आई गोकायामा भागातून आणलेल्या घरात सर्वात जास्त रमली. वर माळ्यावर रेशमाचे किडे, खाली जमिनीत बंदुकीच्या दारूसाठी सोरा, आणि मधे माणसं राहायची, हे तिने मला तीनदा सांगायला लावलं. ट्रेनमध्ये मात्र एकच विचारत होती: एवढी चूल जळते, तर राखेचं काय करतात? भांडी घासायला वापरायचे का? कुणाला माहीत असेल तर सांगा, तिला आज रात्री उत्तर हवंय.