मदत हवी आहे: आम्लवर्षेमुळे टोमॅटो आणि घेवडा खराब होतोय का?

पावसाच्या पाण्याचा सामू (pH, 7 च्या जितका खाली तितकं आम्ल जास्त) 4.4 आला. टोमॅटोच्या वरच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके आहेत, शेजारचा घेवडा पिवळट आणि खुरटा. पानांवर चुन्याची निवळी फवारली तर चालेल का? प्रमाण किती?

उत्तर 1
निवळी अजिबात फवारू नका. तिचा सामू 12 च्या वर असतो, कोवळी पानं तिनेच भाजतील. स्वच्छ पावसाचाही सामू 5.6 च्या आसपास असतो. 4.4 म्हणजे आम्लता त्याच्या सुमारे सोळापट, तरी पानावर थेट डाग पडायला सहसा सामू 3.5 च्या खाली जावा लागतो. आम्लाचे डाग सरीनंतर एकदम दिसतात, थेंब साचतो तिथेच पडतात आणि पुढे पसरत नाहीत. चार-पाच ठिपक्यांभोवती पेनाने गोल करा. आठवड्याभरात डाग रेघेबाहेर गेला, तर तो रोग समजा.

उत्तर 2
घेवड्याचं दुखणं मातीत शोधा. आम्लाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम धुपून जातं. मातीचा सामू 5.5 च्या खाली गेला की अॅल्युमिनियम विरघळू लागतं, मुळांची टोकं जाड, आखूड होतात आणि स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकतो, पिकाला मिळत नाही. एक रोप मातीसकट उपटून मुळांवरची गाठ कापून बघा. आत गुलाबी असेल तर ती हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकासाठी बांधतेय, पांढरट-हिरवट असेल तर नाही.

प्रश्नकर्ता
गाठी मोजक्याच आहेत, आतून पांढरट. मातीचा सामू 5.1. चुना किती टाकू?

उत्तर 2
नुसत्या सामूवरून मात्रा ठरत नाही. त्याच सामूला चिकणमातीला वाळूसर जमिनीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो. प्रयोगशाळेत 'चुन्याची गरज' वेगळी तपासून घ्या. चुनखडीची बारीक भुकटी वापरा, मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी). पेरणीआधी दोन-तीन महिने वरच्या 15 सेंमी मातीत नीट मिसळा. नुसती वर पसरली तर मुळांपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. युरिया किंवा अमोनियम खत त्याच वेळी देऊ नका, अमोनिया उडून जातो. सामू 6.5 च्या पुढे नेलात तर जस्त, लोह, बोरॉन कमी पडेल. जिप्समने सामू वाढत नाही.

अमोनियम सल्फेट खत चालू असेल तर आधी ते थांबवा. त्याच्या 100 किलोची आम्लता मारायला जवळजवळ 110 किलो शुद्ध चुनखडी लागते, पावसाला दोष देण्याआधी हा हिशेब बघाच.

उत्तर 1
उभ्या टोमॅटोला लिटरला 5 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट संध्याकाळी फवारता येईल. त्यात सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खत मिसळू नका, साका बसून नोझल तुंबतं.