लहान मुलांचं पहिलं जंगल: ताडोबा की बोरिवली?

धागाकर्ती: मे महिन्याच्या सुट्टीत घरचे सगळे ताडोबाला निघालेत. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. माझं मत, आधी बोरिवलीचं नॅशनल पार्क नीट दाखवावं, ताडोबा दोन-तीन वर्षांनी. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उघड्या जिप्सीत तीन-चार तास गप्प बसायचं, मनात येईल तिथे उतरायचं नाही. चार वर्षांच्या पोरीकडून ही अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. तुमचं मत?

डोंबिवलीकर: अजिबात पटलं नाही. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात, म्हणून वाघ दिसायची शक्यता तेव्हाच जास्त. जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंदच असतो. बोरिवलीच्या सफारीत वाघ कुंपणात आणि आपण जाळीच्या बसमध्ये. आठ वर्षांच्या मुलाला खरं जंगल बघू द्या की! सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारा आवाज, आला की गाइड गाडी बंद करायला लावतो, सगळे कान टवकारतात. वाघ नाही दिसला तरी ते मूल विसरणार नाही.

मागाठाण्याची आई: सफारीवरून बोरिवलीचं माप काढू नका हो. पार्क १०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, मोकळे बिबटे आहेत, तुळशी आणि विहार तलाव त्यातच येतात. मुलांना कान्हेरीला न्या. शंभरावर लेणी आहेत, पण मुलं रमतात ती पाण्याच्या टाक्यांपाशी. डोंगरावरचं पावसाचं पाणी कातळात पन्हळी खोदून टाक्यांत कसं उतरवलंय, ते त्यांना बोटाने दाखवता येतं. पायी हिंडायचं, दगड हाताळायचे, दमलं की बसायचं. जिप्सीत यातलं काय करता येतं? सोमवार तेवढा टाळा, सकाळी लवकर पोहोचा.

येऊरवाला: ताई, मेमध्ये कान्हेरीचा कातळही तापतोच. मुंबईचा घाम वेगळा.

धागाकर्ती: खरंय, पण ऊन वाढलं की अर्ध्या तासात घरी परतता येतं. ताडोब्यात मुलीला उन्हाचा त्रास झाला तर गेटपर्यंत यायलाच वेळ लागेल. म्हणून ताडोबा जायचंच तर नाताळच्या सुट्टीत.

डोंबिवलीकर: नाताळात पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते, तेही चारच्या मुलीलाच सोसायचंय. शिवाय गर्दीमुळे बुकिंग फार आधी करावं लागेल. मी म्हणतो, मुलाला बाबांबरोबर मेमध्येच पाठवा. धाकटीसाठी थोरल्याला का थांबवायचं?

धागाकर्ती: दोघांना वेगळं करून सहल नाही करायची मला. त्यावर मी ठाम आहे.