पावसात रत्नागिरीला एक दिवस जायचंय, आईला समुद्र दाखवायचाय, काय बघावं?

रंकाळ्याकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. आई ६३ वर्षांची, तिनं समुद्र बघितलाय तो एकदाच, गणपतीपुळ्याला, तेही मे महिन्यात, भर दुपारी, डोकं दुखून नुसती सावलीत बसलेली. पाऊस मात्र तिला जीव की प्राण, जुलैत छत्री घेऊन रंकाळ्यावर फिरायला जाणारी बाई आहे ती. परवा सहज म्हणाली की पावसातला समुद्र एकदा बघायचा राहिला बघ. तेव्हापासून डोक्यात बसलंय. पुढच्या रविवारी रत्नागिरीला न्यायचं म्हणतेय, सकाळी जाऊन रात्री परत, गाडी भाऊ चालवणार. पण ज्याला विचारावं तो म्हणतो पावसात समुद्रावर काय करणार, पाण्यात उतरता येत नाही, बोटी बंद, मासे नाहीत, उगाच चिखल तुडवायला कशाला जाताय. खरंच एवढं वाईट असतं का? आईचे गुडघे दुखतात, फार चढ-उतार नको. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

भाट्येची लेक

ताई, बिनधास्त न्या आईंना. माझं माहेर रत्नागिरीजवळचं भाट्ये, सासर कोल्हापूर, आणि मी दरवर्षी पावसातच माहेरी जायचा हट्ट धरते. मे महिन्यातला समुद्र पाहुण्यांचा हो, आमचा समुद्र जून-जुलैचा. तेव्हा तो निळा नसतो, काजळी नदीचं गढूळ पाणी खाडीतून येऊन मिसळतं त्यामुळे किनाऱ्याजवळ तांबूस आणि लांबवर राखाडी दिसतो, आणि आवाज तर असा की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही.

फक्त एक करा, भरतीच्या वेळेला पोचा. ओहोटीला गेलात तर पाणी लांब आणि मग लोक म्हणतात काय नाही बघण्यासारखं. आमचे आजोबा तिथीवरून वेळ काढायचे, तिथीला तीननं गुणायचं नि चारनं भागायचं की पूर्ण भरतीची वेळ. पुढच्या रविवारी चतुर्दशी आहे, म्हणजे १४ गुणिले ३ बेचाळीस, भागिले ४, साडेदहा. थोडंफार इकडंतिकडं. आणि अमावस्येच्या तोंडावर उधाण असतं, म्हणजे तुम्ही नकळत अगदी बरोबर दिवस धरलाय.

मांडवीला जा, गाडी जवळपर्यंत जाते, आईंना चालायला नको. तिथली वाळू काळी म्हणून आम्ही त्याला काळा समुद्र म्हणतो. कठड्याच्या अलीकडे थांबायचं, जेट्टीच्या टोकाला अजिबात जायचं नाही, उधाणात लाट वरून येते. आणि भाट्याच्या वाळूत पावसात पाय बुडवायलाही उतरू नका, लाट मागं जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, चांगले पोहणारे गेलेत. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही.

आंबा घाटातला ड्रायव्हर

रस्त्याचं मी सांगतो, महिन्यातनं चार फेऱ्या असतात माझ्या. निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा, ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ धोका. रेडेडोह फुटला, म्हणजे नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येतंय, मग जावा किंवा येवा, अडकला म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी पाणी चढतंय असं वाटलं तर बेत पुढं ढकला, समुद्र कुठं जात नाही. पहाटे साडेपाचला सोडा कोल्हापूर. बांबवडे, मलकापूर मागं टाकून आंबा घाटात शिरला की धुकं असं उतरतंय की बॉनेट दिसत नाही, हेडलाइट डीम ठेवायचा आणि पुढच्याच्या बुडाला चिकटायचं नाही. दरड पडत्या म्हणून धबधब्याखाली गाडी लावून फोटो काढत बसू नका. साखरप्याला उतरला की एकेक चहा घ्या. तिथनं पाली, हातखंबा, मग रत्नागिरी. परतीला चारच्या आत निघा, घाट उजेडात चढला पाहिजे.

मिरकरवाडा

मी रत्नागिरीतच राहतो. खाण्याचं बोलू. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते कारण तो माशांच्या पैदाशीचा काळ, बोटी शाकारून बंदरात उभ्या असतात, ते बघायला पण छान वाटतं. तेव्हा हॉटेलात ताजी सुरमई म्हणून मिळेल ती बहुतेक बर्फातली असते, मागू नका. खाडीचं काय आहे ते विचारा, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, बोईट, कालवं. तुमच्या तांबड्या-पांढऱ्याची चव असलेल्या माणसाला चिंबोरीचा रस्सा आवडणारच. आई शाकाहारी असतील तर घरगुती खानावळीत कुळथाची पिठी, गरम भात आणि फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी. ही भाजी फक्त पावसातच, बाकी आठ महिने शोधून मिळणार नाही.

पाऊस फारच कोसळला तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढं इथं आणून ठेवलं, वाडा बांधून झाला १९१० ला आणि तो वारला १९१६ ला. म्हणजे एवढ्या वर्षांत हक्काचं घर मिळालं ते सहा वर्षांपुरतं. अर्धगोल लाकडी खिडक्या आहेत, आत संग्रहालय आहे. जवळच थिबा पॉइंट, तिथून भाट्याची खाडी आणि समुद्र मिळतो ती जागा वरून दिसते, पाऊस समुद्रावरून चालत येताना दिसतो अक्षरशः. रत्नदुर्ग किल्ला मात्र गुडघ्यांमुळे सोडा.

भाट्येची लेक

मिरकरवाडा दादा, सगळं सांगितलंत पण ताई, सगळं करू नका हं. एका दिवसात सहा ठिकाणं केली की आईंना गाडीच्या काचेवरचे वायपर तेवढे आठवतील. मांडवीवर दोन तास द्या. नुसते बसा.

रंकाळ्याकाठची

जाऊन आलो, सांगायला उशीर झाला. दहा वाजता मांडवीला पोचलो. आईनं छत्री उघडली, वाऱ्यानं ती उलटी झाली, तिनं मिटून गाडीत टाकली आणि पदर डोक्यावर घेऊन कठडा धरून उभी राहिली. मी रेनकोट घाल म्हणत होते, ऐकूच येत नव्हतं. लाट फुटली की तोंडावर तुषार, चष्म्यावर मीठ. ओठ चाटून म्हणाली, "पाऊस खारट लागतोय गं." पाऊण तासानं गुडघे बोलायला लागले तेव्हा गाडीचं दार उघडं ठेवून आत बसली, पण नजर तिकडंच. राजवाडा बघितलाच नाही आम्ही. चिंबोरी खाल्ली, रस्सा भावानं तीनदा मागितला. थिबा पॉइंटवर दहा मिनिटं थांबलो आणि चारला निघालो, ड्रायव्हर दादांचं ऐकून.

आज बुधवार. सकाळी आई कालनिर्णयसमोर उभी राहून बोटं मोजत होती, मला म्हणाली द्वितीया आहे, आज दीडला भरती तिथं. दुपारी जेवताना घड्याळाकडं बघून परत म्हणाली, "आता कठड्यावर पाणी येत असंल."