दुसरा राउटर जोडल्यापासून नेट कधी चालतं, कधी नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता जाणकारांना विचारते.

घर दोन मजली. फायबर खालच्या खोलीत येतो, कंपनीने दिलेला राउटर तिथेच भिंतीवर टांगलाय. खाली सगळं झकास. वर मागच्या खोलीत, जिथे बसून मी काम करते, तिथे मात्र वायफायची एकच दांडी, तीही मनात आलं तर. मधे स्लॅब आणि जिन्याची जाड भिंत. दार उघडं असेल तर मीटिंग कशीबशी चालते. दार लावलं की माझा चेहरा गोठतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो म्हणे.

आधी भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणला. माझ्या टेबलाशेजारीच लावला. दांड्या भरल्या, नेट तसंच.

मग माळ्यावर जुना राउटर सापडला. जिन्याच्या कडेने पट्टी मारून २० मीटर केबल वर नेली (हे काम मीच केलं, कौतुक केलंत तरी चालेल). वरच्या राउटरला मागे एक वेगळ्या रंगाचं पोर्ट असतं, वॅन लिहिलेलं (बाहेरचं नेट आत आणायचं), त्यात केबल खोचली. दिवा लागला, नेट नाही. मग तीच केबल शेजारच्या लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये घातली आणि चक्क नेट आलं! पंधरा मिनिटं.

त्यानंतर सगळा लपंडाव. फोनवर 'कनेक्टेड, इंटरनेट नाही', त्याच वेळी लॅपटॉप व्यवस्थित. थोड्या वेळाने बरोब्बर उलटं. खालचा टीव्ही कधी कुरकुरला नव्हता, तोही अडखळायला लागला, त्यामुळे घरात 'चांगलं चाललेलं घालवलंस' हे ऐकून घेतेय. लॅपटॉपवर दोनदा 'हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दुसरं कोणीतरी वापरतंय' अशा अर्थाची सूचना आली. दोन्ही राउटर बंद करून चालू केले की थोडा वेळ बरं वाटतं.

अजून एक गंमत, महत्त्वाची नसेल बहुतेक. राउटरच्या सेटिंगसाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की कधी निळं लॉगिन पान उघडतं, कधी हिरवं. ब्राउझरचं काहीतरी असेल.

केबल खराब असेल का? की जुना राउटर गेलाय? की सरळ मेश (एकत्र मिळून घरभर वायफाय देणारे डबे) घ्यावं?

---

तारतम्य: ताई, केबलचं कौतुक आधी. आणि ते निळं-हिरवं ब्राउझरचं नाही, तोच आजार आहे.

दोन्ही राउटरचा पत्ता एकच आहे, १९२.१६८.१.१. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. फोनने '१.१ कोण?' असं विचारलं की दोघंही 'मी' म्हणतात, आणि ज्याचं उत्तर फोनने धरून ठेवलं त्याच्याकडे सगळं जातं. खालच्याकडे गेलं तर नेट आहे. वरच्याकडे गेलं तर त्याच्या वॅनला काहीच जोडलेलं नाही, म्हणून 'इंटरनेट नाही'.

शिवाय दोघांचंही डीएचसीपी चालू आहे, म्हणजे आयपी वाटायचं काम दोघं करताहेत, आणि एकाने काय वाटलं ते दुसऱ्याला माहीत नाही. एकच आयपी दोन उपकरणांना गेला की तुमच्या लॅपटॉपवरची सूचना येते. टीव्ही त्यातच सापडला. वॅन पोर्टमध्ये नेट का आलं नाही? दोन्ही बाजूंना १९२.१६८.१ हेच नेटवर्क दिसलं की राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळत नाही.

आता असं करा. खालून येणारी केबल वरच्या राउटरमधून काढा. लॅपटॉप दुसऱ्या केबलने फक्त वरच्या राउटरला जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. राउटरचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा. मात्र खालचा राउटर कुठून कुठपर्यंत आयपी वाटतो ते आधी बघून ठेवा, काही जण .२ पासूनच सुरुवात करतात. तसं असेल तर त्या यादीबाहेरचा आकडा घ्या. मग नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. क्रम हाच ठेवा. शेवटी केबल लॅनच्या पोर्टमध्ये. वॅन रिकामं राहू द्या.

निवांत: वरच्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (फक्त वायफाय पुरवायचं, आयपी वाटायचे नाहीत) दिसतोय का बघा. असेल तर वरचा सगळा खटाटोप एका बटणात होतो. खूप जुना असेल तर नसेल.

रिपीटरबद्दल: जिथे सिग्नलच मरतोय तिथे तो लावलात, तर तो मेलेला सिग्नलच मोठ्याने सांगणार. भरलेल्या दांड्या तुमच्या आणि रिपीटरमधल्या होत्या. तो अर्ध्या वाटेवर हवा. तिथेही, ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ असेल तर वेग साधारण अर्धा होतो. केबल नेलीत ते उत्तम केलंत. मेशसुद्धा केबलवरच सगळ्यात चांगलं चालतं, त्यामुळे आत्ता खर्च नको.

खिळेमोळे: वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे सारखा ठेवा, फोन आपोआप बदलेल. चॅनल (वायफायच्या लहरींचा पट्टा) मात्र वेगळे, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ यांपैकीच.

तारतम्य: आपोआप बदलेल, पण फोनच्या मर्जीने. राउटर बदलायचा की नाही ते फोन ठरवतो, आणि काही फोन जुन्या राउटरला घोरपडीसारखे चिकटून बसतात. तसं झालं तर खालच्याची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) थोडी कमी करा. मी स्वतः वेगळी नावं ठेवतो, निदान आपण कुठे आहोत ते कळतं.

---

धागाकर्ती: झालं!! पण मधे एकदा घाम फुटला. आयपी बदलून सेव्ह केलं, तर ते गोल चक्र फिरतच राहिलं. पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसले, राउटर मेला असं समजून. मग लक्षात आलं, मीच त्याचा पत्ता बदललाय आणि जुन्या दारात उभी आहे! नवीन पत्ता टाकला, हिरवं पान उघडलं. आता १.१ ला कायम निळं आणि १.२ ला कायम हिरवं.

अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नव्हताच. खाली चॅनल १, वर ११. नाव एकच ठेवलंय. माझा फोन वर आल्यावर खालच्यालाच चिकटतो खरा, वायफाय एकदा बंद-चालू केलं की सुधारतो. टीव्हीवाले शांत आहेत.

आता हाव सुटली आहे म्हणून विचारते. खाली केबलने १९० एमबीपीएस मिळतं, वर केबलने जोडलं तरी ९४ च्या वर जात नाही. कितीही वेळा मोजलं तरी ९३-९४. माझं क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं) चुकलं?

निवांत: ९४ वर अडकतंय म्हणजे मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट किंवा १०० ची जोडणी आहे, थोडं वहनातच खर्ची पडतं. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तार नीट बसली नसेल तरी दोन्ही टोकांची उपकरणं गुपचूप १०० वर येतात, तक्रार करत नाहीत. पण कनेक्टर कापायच्या आधी वरचा राउटर उलटा करून लेबल वाचा, किंवा त्याच्या मॉडेलची माहिती शोधा.

धागाकर्ती: शोधली. सगळी पोर्टं १०/१००. क्रिम्पिंग निर्दोष सुटलं, राउटरही राहू दे.